गूळ कमी पडला

कुसुम, तू बाथरूममध्ये घसरली नव्हतीस.

दुखवट्याला आलेल्या प्रत्येकाला माझा विनय तेच सांगत होता. काकूचा पाय ओल्या फरशीवरून सटकला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. खुबा खरा, कफ खरा, फरशी खोटी. तू स्वयंपाकघरात पडलीस, फरशी कोरडी होती, आणि तुला आपल्या नातीने, रेवाने ढकललं. दोन्ही हातांनी, छातीवर. मी दारात उभी होते.

हे खोटं तूच सुरू केलंस. ॲम्ब्युलन्समध्ये दुखण्याने तुझे ओठ पांढरे पडले होते, तरी स्ट्रेचर धरलेल्या पोराला म्हणालीस, बाथरूम में फिसल गई बेटा. तेव्हापासून घर त्या खोट्याला धरून बसलंय. तू सुटलीस, पोरगी त्यात अडकली. म्हणून तुझ्याशी भांडायला बसले आहे. जिवंतपणी आपलं एकही भांडण पुरं झालं नाही. माझं बोलणं रंगात आलं की तू कुकर लावायला उठायचीस. आता उठून दाखव.

तू माझी धाकटी जाऊ, पण घरात आलीस ती थोरली असल्यासारखी. मी चौथी शिकले, तू सातवी, आणि तो तोरा जन्मभर मिरवलास. मी तो चालू दिला, त्याला कारण होतं. आपल्या घरात बाईवर हात उचलायला कुणाला काही वाटत नसे. तू आलीस त्याच वर्षी भाजी खारट झाली म्हणून माझ्या नवऱ्याने माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. तू तापलेला तवा सांडशीत धरून त्याच्यासमोर उभी राहिलीस. भाऊजी, सोडा, नाहीतर तोंडावर ठेवीन, एवढंच म्हणालीस, आणि आवाजही चढवला नाहीस. त्याने सोडलं. पुढे मरेपर्यंत शिव्या दिल्या, पण परत हात लावला नाही.

तुझा हात असा होता. आधी उठायचा, विचार मागून यायचा. त्या हाताने मी वाचले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस.

रेवा सातव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत ठेवलेली, अंगाची कातडी आरपार दिसायची. नर्स म्हणाली, फार आशा धरू नका. सुनेला, मंजिरीला, शुद्ध नव्हती. विनय जिन्यात बसून रडत होता. तू तिथून तडक देवळात गेलीस आणि देवीला सांगून आलीस, पोर जगली तर तिच्या भारोभार गुळाने तिला तोलीन. पोर जगली. तुला मूल झालं नाही, पण विनयला तू वाढवलंस आणि रेवाला तर तूच जगवलंस. कापसाच्या वातीने थेंब थेंब दूध पाजत मांडी बधिर होईपर्यंत बसायचीस. मी मधे घ्यायला गेले तर फटकन हात मारायचीस.

नवस मात्र राहून गेला. तिच्या पहिल्या वाढदिवसाआधी तुझा नवरा गेला. मग तुझं मनच होईना. मग कोरोना आला, मग तुझा गुडघा. आणि पोरगी वाढत गेली.

रेवा जाड झाली. मी जाडच म्हणते, हेल्दी म्हणत नाही. तिलाही तो शब्द आवडत नाही. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी वरणावर तुपाची धार, शाळेतून आली की कचोरी, हे तू भरवलंस. अगं मरता मरता वाचली आहेस, खा. आणि पाहुणे आले की त्याच तोंडाने म्हणायचीस, हिच्यासाठी नवरा नाही, पलंग आधी बघावा लागेल, लोखंडी. पाहुणे हसायचे. रेवाही हसायची. ती हसते आहे म्हणजे तिला लागत नाही, असं तू धरून चाललीस.

शाळेत तिला टंकी म्हणत. ती स्कूलबसमध्ये चढली की मुलं एका बाजूला कलंडायची, बस झुकली म्हणून ओरडायची, आणि ड्रायव्हरही आरशात बघून हसायचा. मे महिन्यात ती काळं जाड जॅकेट घालून फिरायला लागली. खोलीतल्या कपाटाच्या आरशावर तिने वर्तमानपत्र चिकटवलं. ताटावर बसेना. गादीखाली मात्र बिस्किटांचे, फरसाणाचे रिकामे पुडे सापडत. आंघोळीला गेली की आतून धप धप आवाज यायचा. तू म्हणालीस, बरं झालं, कपडे धुवायला शिकली. मला तो आवाज कपड्यांचा वाटला नाही. एकदा कडी नीट लागली नव्हती, मी दार लोटलं. ती मुठी वळून स्वतःच्या पोटावर मारत होती. पोट, मांड्या, सगळं निळं-काळं. मला बघून थांबली नाही, आणखी जोरात मारायला लागली. मी हात धरला तर माझा हातही तिने त्याच पोटावर आपटला.

हे मी तुला त्याच दिवशी सांगितलं. तू म्हणालीस, वयात येताना पोरी असं करतात. वहिनी, तुम्ही उगीच डोक्यात घेता.

मग विनयने फ्रिजला साखळी घालून कुलूप लावलं. रेवाने खलबत्त्याच्या बत्त्याने ते फोडलं आणि उभ्या उभ्या आत होतं ते सगळं खाल्लं, कच्चं पीठसुद्धा. विनय कामावरून आला आणि त्याने तिला मारलं. बापासारखंच मारलं त्याने, केस धरून. मी ओरडले, मंजिरी मधे पडली, तिच्या बांगड्या फुटल्या. तू ओट्याशी उभी होतीस. या वेळी तवा नाही उचललास. मार खाल्ल्याने कुणी मरत नाही, म्हणालीस. कुसुम, ते वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही.

त्यानंतर मंजिरी तिला विजय नगरला एका डॉक्टरबाईकडे न्यायला लागली. मीही जायचे सोबत. पहिल्यांदा मलाही ते थेर वाटले. नुसतं बोलायचं आणि त्याची फी. पण बाई कामाची निघाली. ती म्हणाली, वजनाचं बघू, हळूहळू बघू, पण आधी पोरीच्या मनाचं दुखणं बघावं लागेल. तिला जगायचा कंटाळा आला आहे, तिला एकटं सोडू नका. खाल्लं की तिला थोडा वेळ आतून शांत वाटतं, मग लाज वाटते, मग ती स्वतःला मारते, मग परत खाते. कुलूप लावू नका, हात उचलू नका, जेवताना तिच्या अंगाबद्दल एक अक्षर काढू नका. चेष्टेतही नाही. गोळ्या दिल्या. मी घरी येऊन तुला शब्दाला शब्द सांगितलं. तू कुकर लावायला उठलीस.

आणि मग तू नवस काढलास. म्हणे पोरीचं हे जे चाललंय ते देवीचं देणं राहिलंय म्हणून. माझं वय झालं, ते देणं डोक्यावर घेऊन मरू का, म्हणालीस. मी म्हटलं, गूळ गुपचूप वाहून ये, पोरीला पारड्यात बसवू नको. तू म्हणालीस, पोरगी नाही बसली तर ती गूळतुला कसली. मी म्हटलं, डॉक्टरबाईला विचारू. तू म्हणालीस, ती काय देवीची सासू आहे.

रेवा हो म्हणाली, पण ती तुझ्यासाठी. तिने फक्त एक विचारलं होतं, मी ऐकलंय.

"छोटी आजी, पण आपण घरचेच ना? और कोई नहीं ना?"

"घरचेच गं. आणखी कोण."

आणि गेलो तर देवळात सगळं गोत उभं. देवासहून तुझी माहेरची आलेली, आपल्या सासरची चुलत भावंडं, त्यांच्या सुना, त्यांची पोरं. तुझ्या दृष्टीने तेही घरचेच. तो तुझा आनंदाचा दिवस होता, हे मला दिसत होतं. हिरवी पैठणी नेसली होतीस. पोरगी जगली, बघा, हे तुला सगळ्यांना दाखवायचं होतं. तू तिला दाखवत होतीस आणि ते तिचं अंग बघत होते, हे काही तुला दिसलं नाही.

मंजिरीने आदल्या दिवशी म्हटलं होतं, डॉक्टरकडे वजन लिहिलेलं आहे, तेवढा गूळ आणू. तू कानांवर हात ठेवलेस. आधी मोजलं तर तो सौदा झाला, नवस कसला. गूळ अंदाजाने आणायचा, देवी पुरवते. तुझ्या अंदाजात पोरगी अजून लहानच होती.

साखळ्यांना टांगलेला मोठा तराजू. रेवाचं जॅकेट तू काढायला लावलंस. साडी नेसवली होतीस. तिच्यासाठी पोलकं घ्यायला कृष्णपुऱ्याकडे तिला घेऊन गेलीस तेव्हा दुकानदार सगळ्या गिऱ्हाइकांत म्हणाला होता, माताजी, इस साइज में तो सिलवाना पड़ेगा. ते शिवलेलं पोलकं काखेत काचत होतं. ती मांडी घालून पारड्यात बसली, पारडं जमिनीला टेकलं. समोरच्या पारड्यात गुळाच्या भेली चढायला लागल्या. पुजाऱ्याचं मंत्र म्हणणं चालू होतं. भेली चढत गेल्या, आणलेल्या सगळ्या संपल्या, आणि तिचं पारडं जमिनीवरून हललंच नाही.

देवासचा तुझा भाचा म्हणाला, भिया, अब तो पूरी मंडी उठा लाओ. सगळं देऊळ हसलं. बायका पदर लावून, पोरं उघड. फोन वर झाले. विनय आणखी गूळ आणायला स्कूटर घेऊन पळाला. रेवा उठायला लागली. तू तिच्या दोन्ही खांद्यांवर हात दाबून तिला खाली बसवलंस.

"उठायचं नाही. मधेच उठलं की नवस मोडतो."

"छोटी आजी, प्लीज यार. जाऊ दे ना मला."

"गप बस. देवी बघते आहे."

मी म्हटलं, कुसुम, सोड तिला. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. तुझी बोटं तिच्या खांद्यात रुतली होती. तुझा देवीवर जेवढा विश्वास होता तेवढा जोर त्या बोटांत होता. ती तशीच बसून राहिली, कोंबडी मान टाकते तशी मान टाकून, स्कूटर येईपर्यंत. मग भेली चढल्या, पारडं हललं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू रडलीस. खरंच रडलीस, आनंदाने.

आपण घरी पोचायच्या आत तो व्हिडिओ तिच्या वर्गात पोचला होता.

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण ते कुणीच लिहिणार नाही. तू ओट्याशी उभी राहून प्रसादाचा गूळ फोडत होतीस, पुड्या बांधत होतीस. रेवा आत आली, साडी तशीच. तिने फोन तुझ्या तोंडासमोर धरला. बघ, म्हणाली. तुझा चष्मा बाहेर राहिला होता. खाली मुलांनी काय काय लिहिलंय ते तुला दिसलं नाही. तुला फक्त साडीतली पोर दिसली. तू हसलीस. किती गोड दिसतेस गं, म्हणालीस, जा, ही पुडी वरच्यांना देऊन ये, तुझाच तर गूळ आहे.

तिने गुळाची भेली उचलून भिंतीवर मारली. मग दुसरी. डबे खाली आले, पितळी कळशी माझ्या पायाशी येऊन आदळली. मग ती फ्रिजवर कपाळ आपटायला लागली. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं, तरी थांबेना. तू तिला धरायला गेलीस, धरवेना, मग तू तिच्या मुस्काटात दिलीस. लगेच दुसरी दिलीस. तुला तेवढंच येत होतं. आणि तिने तुला ढकललं. तू ओट्याच्या कोपऱ्यावर कंबरेत आपटलीस आणि मग खाली पडलीस. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मंजिरी धावत आली आणि किंचाळायला लागली. मी दाराची चौकट धरून उभी. ॲम्ब्युलन्सला फोन रेवाने केला. रक्ताळलेल्या तोंडाने, घराचा पत्ता गल्लीसकट नीट सांगितला.

हॉस्पिटलमध्ये मी तुला स्पष्ट विचारलं होतं, पोरीला काही सांगायचं आहे का. माझ्या मनात होतं की तू चुकलं म्हणशील. तू म्हणालीस, "वहिनी, काय जोर आहे हो तिच्या हातात. पेटीत होती तेव्हा माझं बोट धरता येत नव्हतं तिला." कौतुकाने म्हणालीस. तुझं हाड मोडलेलं, नाकात नळी, आणि तुला कौतुक. मी परत विचारलं. मग म्हणालीस, "तिला विचारा, जेवली का." त्यानंतर तुला बोलता आलं नाही.

तू गेल्यावर रेवाने बोलणं सोडलं. डॉक्टरबाईने दवा बदलली, रोज फोन करत होती, रात्री मंजिरी तिच्याजवळ झोपत होती. घरात माणसं येत होती आणि विनय बाथरूमची गोष्ट सांगत होता. मग एका दुपारी तोच देवासचा भाचा बसलेला असताना रेवा बाहेर आली आणि उभी राहून म्हणाली, मी मारलं छोट्या आजीला. विनय उठला, तिला दंडाला धरून आत नेलं, आणि बाहेर येऊन म्हणाला, तबियत ठीक नहीं है उसकी, इलाज चल रहा है. पोरीने आयुष्यात एक खरं सगळ्यांपुढे सांगितलं, तर तिला वेडी ठरवलं. आतून काच फुटल्याचा आवाज आला. तिने आरसा फोडला होता, वर्तमानपत्रासकट, मुठीने.

मी विनयला बाहेर काढलं. मंजिरीने हात बांधला, काचा गोळा केल्या. मग मी तिलाही बाहेर बसायला सांगितलं. मी भिंतीला टेकून खाली बसले, रेवासमोर.

"तू ढकललंस. मी बघितलं," मी म्हटलं.

कितीतरी दिवसांनी तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "पप्पा म्हणतात..."

"पप्पा तिथे नव्हता, मी होते. तू ढकललंस. त्याच्या आधी तिने तुला मारलं, तेही बघितलं. त्याच्या आधी देवळात दाबून बसवलं, तेही. एक सांगायचं आणि एक लपवायचं, हे मला जमत नाही."

"म्हणजे मी मारलंच ना."

"मरावी म्हणून ढकललंस का?"

"नाही. थांबावी म्हणून."

"थांबावी म्हणून ढकललंस, आणि ती मेली. दोन्ही खरं आहे. तेवढं तुझ्या वाट्याचं. बाकीचं आमचं, ते आम्हाला दे."

मग तिने मला मारलं, कुसुम. बांधलेल्या हाताने, खांद्यावर, छातीवर. तू म्हणालीस ते खरं आहे, जोर आहे. मी हलले नाही. हलायला जागाही नव्हती. मारता मारता ती माझ्या अंगावर पडली आणि गुरासारखी रडली. तिचं सगळं वजन माझ्यावर होतं. मला श्वास घेता येत नव्हता, पण मी तिला ऊठ म्हटलं नाही.

नंतर तिने विचारलं, "छोटी आजी सॉरी म्हणाली का?"

मला मनाचं काहीतरी घालून सांगता आलं असतं. तुझ्या नावावर ते खपलंही असतं. मी म्हटलं, नाही.

"काहीच नाही म्हणाली?"

जे म्हणालीस ते दोन्ही सांगितलं, जसंच्या तसं. ती ऐकत राहिली.

"मग मीपण सॉरी नाही म्हणणार."

"नको म्हणू."

त्या आठवड्यात मी डॉक्टरबाईसमोर बसून सगळं सांगितलं, विनयला शेजारी बसवून. त्याचं तोंड काळं-निळं झालं, पण त्याने ऐकून घेतलं. रेवा बरी झालेली नाही. होईल असंही मी लिहीत नाही. हे लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. खरं नाव नको म्हणाली, रेवा हे तिनेच निवडलेलं. एक ओळ खोडायला लावली, ती खोडली. बाकी राहू दे म्हणाली, आणि कुणी विचारलं तर सांग, मी हो म्हटलंय.

विनय म्हणतो, निदान काकूच्या फोटोला हार घालायला तरी सांग तिला. मी सांगत नाही. काल ती आपण होऊन फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं हात जोडते. ती म्हणाली, "तू बहुत वाईट वागलीस यार." एवढंच. मग जेवायला बसली. आमच्यात, ताट घेऊन, तुझ्या जागेवर. गेल्या वर्षापासून तिला असं सगळ्यांत बसून खाताना मी पाहिलं नव्हतं. एक पोळी खाल्ली, दुसरीला हात घातला, आणि विनयची नजर तिच्या ताटाकडे वळली. माझी काठी मांडीशीच होती. मी ती उचलून त्याच्या ताटाला लावली. त्याने मान खाली घातली आणि आपला भात कालवला.

ती दुसरी पोळी तिने सावकाश खाल्ली. कुणी काही बोललं नाही. तू असतीस तर बोलली असतीस, आणि मी ती काठी तुझ्यावर उगारली असती. मग आपलं जुंपलं असतं, आणि तू कुकर लावायला उठली असतीस. आता कुणी उठत नाही. जेवणं होईपर्यंत मी त्या गप्प घरात बसून होते आणि मला रडू आलं, तेही तुझ्यावरच्या रागाने.